हेल्मेट घेताना : डोके सांभाळा, कानही सांभाळा

सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास नाशिकच्या त्र्यंबक रोडवर, सातपूरकडून शहरात येणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहून पाहावे. कंपन्यांची पाळी सुटलेली असते. मोटारसायकलींची रांग लागलेली असते. हेल्मेट बहुतेकांजवळ असते, पण ते असते कुठे? कोणाच्या कोपरात बांगडीसारखे अडकवलेले, कोणाच्या आरशावर टांगलेले, कोणाच्या पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेले. पुढच्या चौकात पोलीस दिसला की ते डोक्यावर चढते आणि चौक ओलांडला की पुन्हा खाली उतरते.

आपल्या वस्तीतल्या अशाच एका मुलाला आम्ही एकदा थांबवून विचारले, "का रे बाबा, डोके हातात घेऊन चालला आहेस काय?" तो हसला नाही. म्हणाला, "काका, घातलं की कपाळ दुखतं. वारा असा घोंगावतो की मागून कोण हॉर्न देतंय ते कळत नाही. घरी गेल्यावर तासभर कानात शिट्टी वाजत राहते."

आम्ही त्याचे हेल्मेट हातात घेऊन पाहिले. थोरल्या भावाने गाडी घेतली तेव्हा गाडीबरोबर मिळालेले होते. मुलाच्या डोक्याला ते सैल होते, म्हणून आत त्याने रुमालाची घडी कोंबली होती. ती घडीच कपाळाला टोचत होती. पुढची काच ढिली झालेली, पट्ट्याचा चाप तुटलेला, म्हणून पट्ट्याला गाठ मारलेली. असले हेल्मेट घालून डोके दुखणार नाही तर काय होईल? मुलगा खोटे बोलत नव्हता. चूक त्याच्या सांगण्यात नव्हती, हेल्मेटच्या निवडीत होती.

हेल्मेट घाला, हेल्मेट घाला असे सांगणारे पुष्कळ आहेत. पण जे डोक्यावर टिकेल, टोचणार नाही आणि कानाचे पडदे बधिर करणार नाही असे हेल्मेट ओळखायचे कसे, हे कोणी बसून सांगत नाही. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर हा विषय घेतला आहे.

सक्ती आणि समज

आपल्या नाशिकमध्ये हेल्मेटचा विषय नवा नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही मोहीम शहरात सुरू केली. त्या दिवसांत पेट्रोल पंपांवर काय चालले होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पुढच्याने पेट्रोल भरले की त्याचेच हेल्मेट मागून मागच्याने डोक्यावर ठेवायचे, टाकी भरायची आणि परत द्यायचे. पंपवाल्याला दाखवण्यापुरते हेल्मेट! आपण पेट्रोलसाठी डोके झाकले, डोक्यासाठी झाकले नाही.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकी चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलेही त्यात आली. पगडी घातलेल्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. आपल्या निळ्या फेट्याला ती सूट नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण पुढे येईल.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील माणसे ७४,८९७ होती. म्हणजे शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक. आणि हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते. त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसलेले होते. मागे बसणारे म्हणजे कोण? आपली बायको, बहीण, आई, नाहीतर मित्र.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडे पाहण्याची सवय आहे. पण या आकड्यांमागची घरे आम्ही आपल्याच वस्त्यांमध्ये पाहिली आहेत. आमच्या ओळखीचा एक तरुण दुसरी पाळी संपवून रात्री घरी येत होता. घर अर्ध्या किलोमीटरवर राहिले होते. खड्डा चुकवताना गाडी घसरली. वेग फारसा नव्हता. हात-पायाला साधे खरचटलेही नव्हते म्हणा ना. पण डोके दुभाजकाच्या दगडावर आदळले. हेल्मेट टाकीवर होते, ते घरंगळत जाऊन बाजूला पडले. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. त्या घरात कमावणारा तो एकटाच होता. आई धुणीभांडी करून त्याला आय.टी.आय. पर्यंत घेऊन आली होती. त्याच्या पुण्यानुमोदनाला बसलो असताना त्या माउलीने आम्हाला विचारले, "भाऊ, ते टोपडं डोक्यावर असतं तर वाचला असता का हो?" आम्हाला उत्तर देता आले नाही. खरे उत्तर होते, बहुतेक वाचला असता.

चाळीसगावचा टांगा

या ठिकाणी बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका प्रसंगाची आठवण होते. तो त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. १९२९ साली सरकारी चौकशी समितीच्या कामाने ते खानदेशात आले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, कारण बसणारा अस्पृश्य. पायी नेले तर पाहुण्याचा मान जातो. तेव्हा आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाला पुढे बसवले. नदीवरच्या फरशीवर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले. अनेक दिवस अंथरुणावर काढावे लागले.

या प्रसंगात जातीयतेचा विखार आहेच. पण बाबासाहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. आपल्या माणसांनी त्यांचा मान राखण्यासाठी त्यांचा जीवच धोक्यात घातला, हे त्यांना जाणवले होते. त्या लोकांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण मान आणि जीव यांत जीव आधी सांभाळावा, एवढा बोध आपण घ्यावयास हवा की नको?

आता निळ्या फेट्याविषयी. १४ एप्रिलला आपण मोटारसायकल रॅली काढतो. १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर शेकडो गाड्या जातात. १९३५ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी तेथे धर्मांतराची घोषणा केली, त्या भूमीला वंदन करण्यासाठी. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेणीवर आपली गर्दी असते. आणि या सर्व ठिकाणी आपली तरुण मुले बोडक्या डोक्याने, एका गाडीवर तिघे-तिघे, झेंडा धरून जातात. आम्ही दुसऱ्याला दोष देत नाही. आम्ही स्वतः अशा रॅलीत फेटा बांधून गाडी चालवली आहे. फेट्याने फोटो चांगला येतो. पण ज्यांची जयंती आपण साजरी करतो, त्यांनी आपल्या मुलांच्या डोक्यात विद्या भरण्यासाठी जन्म वेचला. ते डोके रस्त्यावर फुटावे यासाठी नव्हे.

हेल्मेटच्या आत असते काय?

निवड करायची तर वस्तू माहीत हवी. हेल्मेटला चार भाग असतात. बाहेरचे कठीण कवच. त्याच्या आत थर्माकोलसारखा दिसणारा घट्ट जाड थर. त्याच्या आत कापड व स्पंजची गादी. आणि हनुवटीखालचा पट्टा.

पुष्कळांना वाटते की डोके वाचवते ते बाहेरचे कवच. खरे काम करतो तो मधला थर. डोके आदळते तेव्हा हा थर चेपतो आणि चेपता चेपता धक्का स्वतः पितो. मेंदूला थांबायला क्षणाचा जो अंश जास्त मिळतो, त्यात जीव वाचतो. कवचाचे काम म्हणजे टोकदार दगड आत घुसू न देणे आणि धक्का सर्वत्र पसरवणे. गादीचे काम आराम देणे. आणि पट्टा नसेल तर बाकीचे तीनही भाग फुकट, कारण पहिल्याच धक्क्याला हेल्मेट डोक्यावरून उडून जाते.

"जवळच जायचे आहे, हळू चालवतो," असे म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब करावा. पाच फुटांवरून डोके सरळ जमिनीवर आले तर ते आदळताना ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने आदळते. म्हणजे उभ्या गाडीवरून पडले तरी. कवटीला तेवढे पुरते.

हेल्मेटचे शास्त्र जन्माला आले तेही एका मोटारसायकल अपघातामुळेच. १९३५ साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध लष्करी अधिकारी व लेखक मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्याने मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. ते या मृत्यूने अस्वस्थ झाले. त्यांनी लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये आपले निष्कर्ष छापले आणि हेल्मेटचा आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटनेने ज्या अभ्यासांचा आधार घेतला होता, त्यांनुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

माप आपल्या डोक्याचे, दुकानदाराच्या अंदाजाचे नव्हे

चप्पल घेताना आपण पाय घालून पाहतो, चार पावले चालतो. हेल्मेट घेताना मात्र रंग पाहतो आणि पैसे देतो. आमच्या वस्तीतील विहारात एका रविवारी वंदनेनंतर आम्ही शिंप्याची टेप घेऊन बसलो व ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना आपापले हेल्मेट घेऊन बोलावले. बरेच जण आपल्या मापापेक्षा मोठे हेल्मेट वापरत होते. कारण एकच. दुकानात सैल हेल्मेट आरामशीर वाटते.

माप असे घ्यावे. भुवयांच्या वर एक बोट सोडून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सर्वात फुगीर भाग जेथे आहे तेथून टेप फिरवावी. जो आकडा सेंटीमीटरमध्ये येईल तो कागदावर लिहून न्यावा. प्रत्येक कंपनीचे लहान-मध्यम-मोठे वेगळे असते. म्हणून 'मीडियम द्या' असे न म्हणता आकडा सांगावा आणि हेल्मेटवर छापलेला आकडा पाहावा.

मग डोक्यावर घालून या गोष्टी तपासाव्यात.

एक, नवे हेल्मेट थोडे घट्टच वाटले पाहिजे. गाल आत दाबले गेले पाहिजेत. काही आठवड्यांत गादी बसते व सैल होते. जे दुकानातच सैल आहे ते पुढे डोक्यावर फिरू लागेल.

दोन, हेल्मेट हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवावे. कपाळाची कातडी त्याबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरते, असे झाले तर माप मोठे आहे.

तीन, पट्टा लावून, मागच्या कडेला धरून हेल्मेट पुढे उलटवून काढण्याचा प्रयत्न करावा. निघाले तर ते घेऊ नये. पट्टा व हनुवटी यांमध्ये दोन बोटे जातील एवढीच जागा असावी.

चार, आणि ही गोष्ट कोणी करत नाही, हेल्मेट घालून दुकानात पंधरा मिनिटे बसावे. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. काढल्यावर आरशात कपाळ पाहावे. एकाच ठिकाणी लाल वळ उठला असेल किंवा तेथे ठणकत असेल, तर त्या हेल्मेटचा आकार आपल्या डोक्याच्या आकाराशी जुळत नाही. कोणाचे डोके गोल असते, कोणाचे लांबट. माप बरोबर असूनही आकार चुकू शकतो. अशा वेळी मोठे माप घेऊ नये, दुसऱ्या कंपनीचे घालून पाहावे.

पाच, चष्मा असेल तर चष्म्यासह पाहावे. काडी कानशिलात रुतता कामा नये.

कोणी सांगितले म्हणून, जाहिरातीत आहे म्हणून, मोठ्या माणसाने म्हटले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपण विहारात ऐकतो. ती दुकानातही चालते.

कानाचा हिशेब

आता त्या मुलाच्या कानातील शिट्टीकडे येऊ. पुष्कळांना वाटते की गाडीवर आवाज येतो तो इंजिनाचा. शहरात, तीस-चाळीसच्या वेगाला ते खरे आहे. पण वेग साठच्या पुढे गेला की इंजिनापेक्षा वाऱ्याचा आवाज मोठा होतो. वारा हेल्मेटच्या कडांवर आपटतो, भोवरे तयार होतात आणि तेच कानात घोंगावतात. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात हेल्मेटच्या आत, कानाजवळ आवाज मोजण्यात आला. ताशी साठ किलोमीटरला तो सुमारे ९० डेसिबल भरला, आणि वेग वाढत गेला तसा शंभराच्या वर गेला.

९० डेसिबल म्हणजे किती? अमेरिकेतील 'नायोश' या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचे कोष्टक असे आहे. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे.

आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हाला हे खातेवहीसारखे दिसते. कानाची रोजची शिल्लक ठरलेली आहे. अंबड किंवा सातपूरला प्रेस शॉपमध्ये आठ तास काम करणाऱ्या आपल्या मुलाची ती शिल्लक कारखान्यातच संपलेली असते. तो गाडीवर बसतो तेव्हा खाते उणे झालेले असते. नाशिकहून निफाड, विंचूरमार्गे येवला सुमारे ऐंशी किलोमीटर. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास वारा कानात घुमला तर एका दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हा तोटा पुढच्या वर्षी भरून काढता येत नाही. शिवाय सततच्या घोंगाटाने माणूस थकतो, चिडतो, लक्ष उडते. आणि लक्ष उडणे हेच अपघाताचे मूळ. ज्याला आपण पाली भाषेत अप्पमाद म्हणतो, सावधपणा, तो राखायचा तर डोक्यात शांतता हवी.

शांत हेल्मेट कसे ओळखावे?

आधी हे ध्यानात घ्यावे की हेल्मेटवर आय.एस.आय. चे चिन्ह असले म्हणजे ते शांत असते असे नाही. ते चिन्ह मजबुतीचे. शांतता आपली आपण तपासायची आहे.

वारा सर्वात जास्त आत येतो तो खालून, मान आणि हेल्मेट यांच्यातील फटीतून. म्हणून हेल्मेट घातल्यावर मानेभोवती व जबड्याखाली बोट फिरवून पाहावे. जेथे मोठी फट, तेथून आवाज. हनुवटीसह संपूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट उघड्या किंवा अर्ध्या हेल्मेटपेक्षा बहुधा शांत असते, आणि जबडाही तेच वाचवते. काही हेल्मेटांना हनुवटीखाली कापडी पडदा मिळतो. तो असेल तर उत्तम. नसेल तर गळ्याभोवती सुती रुमाल नीट खोचून बांधला तरी बराच फरक पडतो. मात्र रुमालाची टोके मोकळी फडफडू देऊ नयेत.

पुढची काच लावून पाहावी. ती सर्व बाजूंनी रबरावर घट्ट बसली पाहिजे. बोटाने टिचकी मारल्यावर खडखडली तर रस्त्यावर ती तुतारी वाजवेल. हवेची छिद्रे उघडबंद करता येतात की नाही ते पाहावे. नाशिकच्या मे महिन्यात ती उघडी लागतात, हमरस्त्यावर बंद. डोक्यावर टोपीसारखी पुढे आलेली झापड, शिंगे, केसांचे तुरे, असली सजावट वारा पकडते, आवाज करते व मानेला ओढ देते. साधे, गुळगुळीत, गोल हेल्मेट सर्वात बरे.

आवाज कधीकधी हेल्मेटचा नसतोच. गाडीला पुढे वाऱ्याची काच लावलेली असेल तर तिच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा नेमका हेल्मेटवर आपटतो. काच काढून किंवा तिची उंची बदलून पाहिल्यास उलगडा होतो. हेल्मेट बदलण्याचा खर्च वाचतो.

लांबच्या प्रवासात औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घालता येतात. बोटांनी दाबून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवावेत व फुगेपर्यंत धरून ठेवावेत. साध्या कापसाने फारसा उपयोग होत नाही. आणि आवाजावर उपाय म्हणून मोबाईलची गाणी कानात घालणे हा उपाय नव्हे, तो दुसरा अपघात आहे.

"हॉर्न ऐकू येत नाही" वगैरे

ही तक्रार आम्हीही करत होतो. पण नीट विचार केला तर उलगडते. हेल्मेट हॉर्नचा आवाज कमी करते तसाच वाऱ्याचा आणि इंजिनाचाही कमी करते. दोन्ही सारखेच कमी झाल्यावर हॉर्न वेगळा ओळखू येतोच. अमेरिकेत १९९४ साली रस्त्यावर प्रत्यक्ष गाडी चालवून ही तपासणी झाली. हेल्मेट असताना आणि नसताना ऐकण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. बाजूचे पाहण्यासाठी मान थोडी जास्त वळवावी लागते, इतकेच. हॉर्न ऐकू येत नाही असे ज्याला वाटते, त्याच्या हेल्मेटमध्ये वाऱ्याला मोठी फट आहे असे समजावे.

"हेल्मेटच्या वजनाने मान मोडते" असेही म्हणतात. २०११ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी चाळीस हजारांवर अपघातग्रस्तांच्या नोंदी तपासल्या. हेल्मेट घातलेल्यांमध्ये मानेच्या मणक्याच्या दुखापतीचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघाले. उलटेच झाले म्हणायचे! केस गळतात ही तक्रार मात्र आपल्या हातातली आहे. घामाने ओली गादी धुवावी, आत पातळ सुती रुमाल बांधावा. जाड टोपी नको, तिने माप चुकते.

भगिनींसाठी आणि लेकरांसाठी

मागे बसणाऱ्या ताईंना हेल्मेट नको असते, कारण अंबाडा आड येतो. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ते वर तरंगते व पट्टा गळ्याला लागतो. केस मानेजवळ सैल वेणीत बांधावेत, मग ते बसते. नवऱ्याचे जुने सैल हेल्मेट बायकोला, ही पद्धत बंद व्हावयास हवी. दोघांची डोकी वेगळी, मापे वेगळी. सावित्रीमाईंच्या लेकी आज स्कूटीवरून शाळेत शिकवायला जातात, दवाखान्यात रात्रपाळी करतात. त्यांना स्वतःच्या मापाचे हेल्मेट घेण्याचा पूर्ण हक्क आहे.

१५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागू झाला आहे, आणि तेव्हा वेग ताशी ४० च्या आत ठेवायचा आहे. मुलाचे हेल्मेट हलके व त्याच्या मापाचे असावे. 'वाढत्या अंगाचे' कपडे घेतात तसे वाढत्या डोक्याचे हेल्मेट घेऊ नये.

किंमत, चिन्ह आणि निगा

हमरस्त्याच्या कडेला दोन-अडीचशेला मिळते ते हेल्मेट नव्हे, ते प्लॅस्टिकचे भांडे आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आय.एस.आय. चिन्हाशिवाय हेल्मेट बनवणे व विकणे यांना मनाई आहे. पण नुसता स्टिकर पाहून फसू नये. चिन्हाच्या वर 'आय.एस. ४१५१' हा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाईल ॲपवर तो परवाना क्रमांक घालून खरा-खोटा पाहता येतो. आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे काम वस्तीतील इतरांना करून द्यावे.

चांगले हेल्मेट साधारण हजार ते अडीच हजारांत मिळते. महाग वाटेल. पण चार-पाच वर्षे चालणारी वस्तू आहे. दोन हजारांचे हेल्मेट पाच वर्षे वापरले तर दिवसाला एक रुपया दहा पैसेही पडत नाहीत. एका चहाच्या पैशात आठवडा निघतो.

ते घेतल्यावर जपावे. आरशाच्या दांडीवर टांगू नये, आतला थर चेपतो. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नये, कवच ठिसूळ होते. साबणाचे पाणी पुरे. एकदा अपघातात जोराचा मार बसला की बाहेरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण चेपलेला थर दुसऱ्यांदा चेपत नाही. वापरात पाचेक वर्षे झाली की नवे घ्यावे. रात्रपाळीला काळी काच लावू नये. पावसाळ्यात काचेवर वाफ धरली तर गाडी हळू करून काच किंचित उघडावी.

एक सूचना

आमची आपल्या सर्व मंडळांना, विहार समित्यांना व महिला मंडळांना नम्र सूचना आहे. पुढच्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डी.जे. चा एक तास कमी करा. त्या पैशांत वस्तीतील ज्या घरात कमावणारा एकटाच आहे आणि तो दुचाकीवर कामाला जातो, अशा घरांना हेल्मेट द्या. माप घेऊन द्या. आणि रॅलीचा नियमच करा, हेल्मेट नाही तर रॅलीत गाडी नाही. फेटा मुक्कामाला पोहोचल्यावर बांधा. हवे तर हेल्मेटला निळा रंग घ्या, पण दुकानातूनच निळे घ्या, वरून रंग मारू नका. रंगातील द्रव कवच खातो.

सुरुवातीला ज्या मुलाविषयी सांगितले, त्याला आम्ही टेपने मोजून, पंधरा मिनिटे दुकानात बसवून, त्याच्या पगारातून त्याच्याच हाताने हेल्मेट घ्यायला लावले. महिन्याने तो भेटला. हेल्मेट डोक्यावर होते आणि पट्टा लावलेला होता. थांबला, काच वर केली आणि म्हणाला, "काका, आता शिट्टी वाजत नाही."

त्या माउलीला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. निदान दुसऱ्या कोणा माउलीने तो प्रश्न आम्हाला विचारू नये, एवढीच इच्छा.

जयभीम!